आबांनी भरलेली घरं

इंदापूर, १२ ऑक्टोबर १९५६

डोकं नुसतं भणभणतंय. वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी महिनाभर खपून शब्दकोडं रचलं. आडव्या-उभ्या शब्दांसाठी दिलेली एकेक ओळ अशी फसवी, की भल्याभल्यांनी हात टेकावेत. अक्षर सुंदर म्हणून अंक लिहून काढायला वाचनालयातल्या आबा शिपायांकडे दिला, तर त्यांनी कोड्याची सगळी घरं लाल शाईनं भरून टाकली! खोडायचीही सोय नाही.

वर मलाच म्हणतात, "मास्तर, इतकी घरं तुमी रिकामीच ठिवली व्हती. बरं दिसंना."

मग चारचौघांत त्यांना वाट्टेल ते बोललो. म्हातारा टोपी घालून निघून गेला. जाईना का!

आता ती लाल अक्षरं पुन्हा तपासली. एकही चूक नाही. आणि उत्तरांचा कागद मी त्यांना दिलाच नव्हता.