हरकत असल्यास पाचच्या आत

१३ फेब्रुवारी

महासाथीचं विधेयक आमच्या कचेरीत आलं. जेमतेम दीड पान! साथ कुठून सुरू झाली याबद्दल गुप्तचर खात्यांनी जे दडवून ठेवलंय, ते लोकांपुढे ठेवा — बस्स. इतकी सरळ भाषा वॉशिंग्टनमध्ये फार दिवसांनी वाचली.

आर्डिसवहिनीचा दुलुथहून फोन. माझ्या भावाला, ग्लेनला, साथीत जाऊन तीन वर्षं होतील. "सिनेटरच्या दाराशी बसतेस तू, आणि मला बातम्या टीव्हीवरून कळतात होय?"

म्हटलं, वहिनी, कागद उघडले तरी त्यात उत्तर असेलच असं नाही.

"नसू दे. 'आम्हाला माहीत नाही' असं तरी तोंडाने म्हणू देत की!"

बरोबर आहे तिचं. भावाला मी शेवटचं पाहिलं ते वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर उभी राहून, बर्फात.

१४ फेब्रुवारी

गुप्तचर खात्याचे दोघे आले होते. कॉफीला शिवले नाहीत. निघताना एक म्हणाला, "मग तेवढं बघाल ना, सर?"

सिनेटर लिंडक्विस्ट म्हणाले, "बघतो."

१५ फेब्रुवारी

शंभर सिनेटरांच्या कचेऱ्यांना जातो तो निरोप आला : हरकत असल्यास उद्या पाचच्या आत कळवा. कोणीच बोललं नाही की मंजूर — ना मतदान, ना भाषण. इथे गप्प बसणं म्हणजे होकार. आणि एकानेही हरकत घेतली, की विधेयक लोंबकळतं.

सिनेटर दारातच थांबले. "वर्नाबाई, आपली हरकत कळवून टाका. नाव बाहेर जाऊ देऊ नका."

"कारण?"

"कारणं कधीपासून विचारायला लागलात?" हसले. बघत मात्र होते खिडकीबाहेर.

१६ फेब्रुवारी

फोन केला नाही.

दिवसभर टपाल लावत बसले. पलीकडच्या टेबलावरची डेनीस म्हणाली, "बाई, आज कोणालाच ओरडला नाहीत! बरं नाही का?"

चारला हात फोनवर गेला होता, खोटं कशाला लिहू. त्यांनी सांगितलेलं काम मी कधी टाकलेलं नाही. हुकूम मोडणाऱ्यांचं मला कौतुकही नाही. लोकांनी निवडून दिलंय ते त्यांना, मला नव्हे — हेही ठाऊक आहे. तरी नाही केला.

पाच वाजले. मंजूर! आता खालच्या सभागृहात जाईल.

वहिनीला कळवलं. तिने 'मंजूर' हा शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

१७ फेब्रुवारी

सकाळीच राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला. तीन ओळी, सबब एकही नाही.

त्यांनी आधी गुप्तचर खात्याला फोन लावला, दार सताड उघडं ठेवून. "काय करणार हो, आमच्या वर्नाबाई विसरल्या. वय झालं आता त्यांचं."

मी! विसरले!

मग राजीनामा वाचला, घडी करून खिशात घातला. "सोमवारी बोलू."

संताप आवरून टेबल आवरलं.

१८ फेब्रुवारी

डेनीस माझी खोकी गाडीत ठेवायला आली. तिला विचारलं, हरकती कळवायचं काम तर नेहमी तुझं — या वेळी मला का सांगितलं?

ती म्हणाली, "मीही विचारलं होतं त्यांना. म्हणाले, 'डेनीस, तू लगेच कळवून टाकशील. तुझा भाऊ गेलेला नाही.'"