फुकटच्या पेपरातली बातमी

परभणी, रविवार

प्रिय सत्यशीला,

दोन महिन्यांनी लिहितेय. फोन करता आला असता, पण तू लगेच ‘जाऊ दे गं’ म्हणाली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटले असते.

माझं गंगाखेडला अप-डाऊन चालूच आहे. स्टेशनवर सकाळी तो चार पानी पेपर फुकट वाटतात, आमचा सगळा डबा तोच वाचतो. डिसेंबरात त्यातच तुझी बातमी आली, मुख्याध्यापिकेने पोषण आहाराचा तांदूळ विकला म्हणून. तुझं नाव नव्हतं, पण गाव होतं. समोर बसलेल्या गीताबाईंनी विचारलं, तुमच्या मैत्रिणीची शाळा ना ही? मी म्हणाले, डी.एड.ला सोबत होतो, एवढंच. पंचवीस वर्षांचं मी ‘एवढंच’ करून टाकलं.

या महिन्यात अकरावीच्या मुलींना मी एक प्रकल्प दिला. हा पेपर कितपत खरा, कुणाच्या बाजूचा, ते तपासायचं. सांगणाऱ्याचं नाव असलेलं वाक्य निळ्या पेनाने अधोरेखित करायचं, नाव नसलेलं लाल पेनाने. मुलींनी डिसेंबरचे अंक जमवून आणले. तुझ्या बातमीचा अंक बाजूला सारावा असं माझ्या मनात आलं, तोवर तो प्रियांकाने उचलला होता. सगळी बातमी लाल झाली. शेजारी तुमच्या गावच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पाव पान जाहिरात. प्रियांकाचं आजोळ तुझ्याच गावचं. तिच्या मामाने सांगितलं की तांदळात अळ्या निघाल्या, तू गावासमोर पंचनामा करून पोती परत पाठवलीस, आणि तो तांदूळ त्या पुढाऱ्याच्याच माणसाने पुरवला होता. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, ह्या बाईला कुणी इचारलंच न्हाई की.”

मी म्हणाले, लिही, दुसरी बाजू घेतलेली नाही. आणि वर्गाबाहेर आले.

दिवाळीच्या सुमारास याच पेपरात माझ्या चुलतभावाबद्दल, बालाजीबद्दल, लय वाईट छापून आलं होतं. तेव्हा गाडी वाटेतल्या पोखर्णी स्टेशनला पोचायच्या आत मी त्याला फोन केला होता. डब्यात सगळ्यांना ऐकवलं होतं की फुकटच्या पेपरावर कोण विश्वास ठेवतं. पेपर तोच होता, सत्यशीला. बालाजी आमच्या घरचा, आमच्यातला. तुझी बातमी खोटी असेल असं मला एकदाही का वाटलं नाही, याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि तुला ते माझ्या आधीपासून ठाऊक असणार. होस्टेलवर माझं पैंजण हरवलं तेव्हा कुणी काही बोलायच्या आत तू आपली पेटी खोलीच्या मधोमध आणून उघडलीस. पैंजण माझ्याच उशीच्या अभ्र्यात निघालं. मी हसले होते फक्त. तू कपडे पुन्हा घड्या घालून ठेवत होतीस.

आता जे सांगायला बसले ते. सावित्रीबाईंच्या जयंतीला तू आमच्या कॉलेजात प्रमुख पाहुणी म्हणून येणार होतीस. कार्यक्रम पुढे ढकलला, असं मी तुला फोनवर सांगितलं आणि तू म्हणालीस, बरं झालं, भाषणाची तयारी अजून कच्चीच हाय. कार्यक्रम ढकलला नव्हता. त्याच दिवशी, त्याच वेळेला झाला. पत्रिकेतून तुझं नाव मी काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. संस्थेचं नाव खराब व्हायला नको, असं मीच बैठकीत म्हणाले. तुझ्या जागी भाषणही मीच केलं आणि टाळ्या घेतल्या. उद्या मुली प्रकल्प वाचणार आहेत. त्या बाईंना मी ओळखते आणि मीही विचारलं नाही, हे मला प्रियांकाला सांगायचं आहे. पण ते तिच्याकडून फिरत फिरत तुझ्या गावी पोचायच्या आत माझ्या हातून तुझ्यापर्यंत यायला हवं. म्हणून हे पत्र टपालात न टाकता आज दुपारच्या एसटीने मीच घेऊन निघालेय. तू वाचेपर्यंत बाहेर ओट्यावर थांबेन. आत बोलावलं नाहीस तरी चालेल.

तुझीच म्हणवून घ्यायला संकोचणारी,
राजेश्री