सोमवारी आधी स्वतःची चूक

मॅडम, तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या खुर्चीवर मी बसले, पण तुमचा सोमवार काही मला चालवता आला नाही. आपली ती पत्र्याची खोली आठवते? घरी मार खाणाऱ्या बायकांसाठीचं समुपदेशन केंद्र म्हणायचं आणि बसायला खुर्च्या चारच. उन्हाळ्यात डोकं तापायचं, पंखा नुसता आवाज करायचा. तरी दर सोमवारी तुम्ही आम्हा मुलींना चहा द्यायचात आणि आठवड्यात कोण कुठं चुकलं ते सांगायला लावायचात. सुरुवात तुमच्या चुकीनं व्हायची.

माझी पहिली चूक तीर्थपुरीजवळच्या एका घरातली. नवी नोकरी, अंगात नको तेवढा उत्साह. मी सासूसमोरच सुनेला विचारून बसले, नवरा मारतो का? ती नाही म्हणाली, आणि मी निघाल्यावर तिनं मार खाल्ला. सोमवारी हे सांगताना मला रडू आवरेना. वाटलं, नोकरी गेली. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "सांगितलंस, बरं केलंस. लपवलं असतंस तर ती पोरगी एकटी पडली असती. चल, जल्दी तिच्याकडं जाऊ." तिथं तुम्ही सासूच्या गुडघेदुखीवर तासभर बोलत बसलात आणि मला सुनेबरोबर पाण्याला पाठवलंत. हापशावर ती बोलली. समाजकार्याच्या कॉलेजात शिकलेली दोन वर्षं एकीकडे आणि तो हापसा एकीकडे.

आता ऑफिसात एसी आहे, ॲप आहे, आणि मी फार कडक आहे म्हणे. सोमवारी मी फक्त आकडे विचारते. मागच्या महिन्यात आमच्या नव्या मुलीनं शहागडच्या एका बाईला फोन लावला, तो चुकून नवऱ्याच्या नंबरवर. बायको आपल्या केंद्रात येते हे त्याला कळलं. मुलगी चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी ती बाईच केंद्रात आली, हात प्लास्टरमध्ये. मी मुलीला सगळ्यांसमोर झापलं, लपवलं कशाला म्हणून विचारलं.

"मॅडम, तुम्हाला सांगायची हिंमतच न्हाई झाली," ती म्हणाली.

तेव्हा मला तिचा रागच आला. लाज वाटायला बरेच दिवस लागले. फोनची चूक तिची होती, पण ते चार दिवस माझ्यामुळे गेले.

बाई आता माहेरी आहे, हात बरा होतोय. मुलीनं आज राजीनामा आणून टेबलावर ठेवलाय आणि ती बाहेर बाकावर बसली आहे. सासूसमोरची माझी ती चूक तिला सांगायला हवी, हे मला कळतं. तिला आत बोलवायचं सोडून मी अर्धा तास तुम्हालाच लिहीत बसले आहे.