गॅरेजमधला ठिपका

र्युसेल्सहाइम, बुधवार

प्रिय ऊर्जा,

कागदावरचं पत्र पाहून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. आईनं शिकवलेलं मराठी हॅम्बुर्गमध्ये गंजलं असेल, तेव्हा सावकाश, मोठ्यानं वाच.

इथे सगळं तसंच आहे. मी बेकरीत जातानाही नेव्हिगेशन लावतो. नोकरीभर तीच यंत्रं गाड्यांत बसवली, गावातला बोळन् बोळ पाठ आहे, तरी लावतो. त्यातली बाई डावीकडे वळा म्हणते, तेवढंच दिवसभरात कोणी बोलतं. पूर्वी तुझी आई, शोभना, नकाशा मांडीवर घेऊन बसायची आणि हायवेवरून हटकून चुकीच्या आउसफार्टला बाहेर पडायला लावायची. ही बाई चुकत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नाही.

तू गाडीत कुरकुरायला लागलीस की मी सांगायचो ती गोष्ट आठवते? सत्तावन्न साली रशियानं पहिला उपग्रह सोडला. अमेरिकेतले दोन तरुण शास्त्रज्ञ त्याची बीप बीप रेडिओवर ऐकत बसले. तो जवळ येताना सूर चढायचा, लांब जाताना उतरायचा. तेवढ्यावरून त्यांनी तो कुठे फिरतोय ते काढलं. मग त्यांच्या साहेबानं विचारलं, उपग्रह कुठे आहे हे ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते कळेल का? कळलं, आणि त्यातूनच पाणबुड्यांना आपली जागा कळायची पहिली यंत्रणा झाली. पडदा, ठिपका वगैरे फार नंतरचं. सुरुवातीला नुसतं कान देऊन ऐकणं होतं.

आई गेल्यावर तू माझ्या फोनवर ते लोकेशन चालू करून दिलंस. बाबा आता कायम दिसेल म्हणालीस, मला बरंही वाटलं. आपला रविवारचा फोन मात्र तेव्हापासून हळूहळू बंद पडला. दिसतंय तर विचारायचं काय, असंच झालं असणार.

गेल्या शुक्रवारी गाडी गॅरेजमध्ये टाकली आणि मोबाइल सीटखाली राहिला. शनिवार-रविवार गॅरेज बंद. तुझ्या नकाशावर तुझा बाप ते दोन्ही दिवस कुलूपबंद गॅरेजमध्ये होता. मी घरी लँडलाइनपाशी बसून. बाहेर पडायची सोय नाही, तेवढ्यात तुझा फोन आला तर? सोमवारी मोबाइल हातात आला. तुझा एकही कॉल नव्हता. राग नाही आला, पण फार एकटं वाटलं गं.

म्हणून हे पत्र. ते लोकेशन मी आज बंद केलंय. मी कुठे आहे ते कळायला तुला आता फोनच करावा लागेल. जर्मनमध्ये बोललीस तरी चालेल. तुझा आवाज ऐकला, की मी कुठे आहे ते मलाही कळेल.

तुझाच,
बाबा