थांबण्याची मुदत : शून्य

१९ ऑगस्ट, मंगळवार. नांदेड

सकाळी सातला दिलीपचा लातूरहून फोन. निवृत्तीनंतर भावाच्या कंपनीचं काम घेऊ नये, असं घेतानाच वाटलं होतं.
"अक्का, किनवटकडच्या त्या वसतिगृहातली एक पोरगी गेली. मण्यार चावली." आणि त्याच दमात, "आपलं ॲप चालू होतं ना?"
मुलीचं नाव विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

२० ऑगस्ट

शकुंतलाचा फोन. लातूरला माझ्या संगणकाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आता त्या वसतिगृहाची अधीक्षिका. रडत नव्हती. हजेरी सांगावी तसं सांगत होती.
रेणुका. सातवी. सोमवारी पहाटे पोटात दुखतंय म्हणाली. ओवा दिला. चावल्याची खूण कुठं दिसली नाही. साडेपाचला पापण्या आपोआप मिटायला लागल्या, तेव्हा शकूने ॲपवर 'तातडीचा आजार' पाठवला. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा नियमच तो. निरोप पोचला की तालुक्याहून गाडी निघते. फोनवर बोलण्याइतकी रेंज तिथं नसतेच.
"पडद्यावर चाक फिरून राहिलं होतं, बाई. मला वाटलं, चाललाय निरोप."
पन्नास मिनिटं. मग पळत नाक्यावर गेली. तिथं जीप उभीच होती, अर्ध्या किलोमीटरवर. पुलापर्यंत पोचले, तिथंच रेणुका गेली.
संस्थेनं तिला कामावरून थांबवलंय. चौकशी आहे.

२२ ऑगस्ट

ॲपच्या कोडची फाइल उघडली. उघडायच्या आधीच माहीत होतं.
'दूत' मी लिहिलेली. ॲपमधून निरोप नेणारी आणि उत्तर आणणारी छोटी लायब्ररी, म्हणजे कोडचा तुकडा. जोडणीला दहा सेकंद, उत्तराला वीस. तेवढ्यात झालं नाही तर लाल अक्षरांत 'जोडणी तुटली'. तीस वर्षं वर्गात हेच सांगितलं, मुदत न घालता कुणाची वाट बघायची नाही.
जूनमध्ये दोन्ही आकडे शून्य केलेत. माझ्या लायब्ररीत शून्य म्हणजे कितीही थांब. शेजारी माझीच टीप: 'शकूच्या सांगण्यावरून. मुली लाल अक्षरांना घाबरतात. थांबू द्या.'
शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. शकू नाक्यावरून फोनवर म्हणाली होती, "बाई, आमच्याकडं रेंज म्हंजे पाव्हणा. आली तर आली. तुमचं ते ॲप दर टायमाला लाल होतंय. तुमच्यावाणीच तापट. जरा दम धर म्हणावं की त्याला."
हसले होते मी. एक मिनिट उशीर झाला तर वर्गाबाहेर ठेवणारी मी. त्या दिवशी मऊ झाले.

२४ ऑगस्ट, रविवार

करून बघितलं. आधी एक साधा निरोप पाठवला, म्हणजे सॉकेट, पलीकडच्या यंत्राशी जोडणारं दार, उघडं राहील. मग राउटरची बाहेरून येणारी वायर काढली. 'तातडीचा आजार' दाबलं. समोर घड्याळ ठेवून बसले.
चाक फिरायला लागलं. सॉकेट मेलेलं, पण दूतला ते जिवंत वाटतं. निरोप फोनच्या बाहेरसुद्धा पडलेला नाही.
सोळाव्या मिनिटाला फोनच्या यंत्रणेकडून दूतकडे त्रुटी आली. म्हटलं, सुटले. पण दूतने ती गिळली आणि कुणाला न सांगता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेही मीच लिहिलेलं. हुशारी म्हणून.
चाळिसाव्या मिनिटाला मला वाटलं, आता जाईल. वायर माझ्या मांडीवर होती, तरी वाटलं.
पन्नास पूर्ण केली. उठताना गुडघा धरला.
शकू मूर्ख नाही. चाक फिरतंय तोवर माणूस बसून राहतो. वीस सेकंदांत लाल झालं असतं, तर ती तेव्हाच पळाली असती.

२५ ऑगस्ट

दुरुस्त केलं. मुदत परत घातली. उघडं सॉकेट आधी तपासायचं, मग वापरायचं. एकदाच पुन्हा प्रयत्न, नंतर पूर्ण पडदा लाल: 'निरोप गेला नाही. गाडी शोधा.' सगळ्या वसतिगृहांना पाठवलं. एका दुपारचं काम.
संध्याकाळी दिलीप. "एक ओळ लिहून दे फक्त. यंत्रणा सुस्थितीत होती. आणि ती टीप काढ तिथून. चौकशीवाले कोड मागायलेत."
"सही करणार नाही."
"माझ्या हापिसात बारा पोरं हायेत, अक्का."
"तिथं एक होती."
मग तो, "तू लहानपणापासनं अशीच. खरं बोलणार, आणि मार मी खाणार."
खरं आहे. खायचा बिचारा.

२८ ऑगस्ट

शकूला सांगितलं. माहेरी आहे, उमरीला. वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं उतरेल. सगळं क्रमानं सांगितलं, शून्य, सॉकेट, सोळावं मिनिट. चूक माझी आहे, असं दोनदा म्हटलं.
ती म्हणाली,
"म्हंजे मीच मागितलं ते."
"मागणं तुझं. करणं माझं. मला कळायला हवं होतं."
"पण मागितलं मी."
आणि आता रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
"कागदावर लिहू नका, बाई. नोकरी गेली तर जाऊ द्या. तिच्या आईला कळंल. ती अजून मला जेवलात का विचारते, फोन करून."
काय उतरवायला गेले आणि काय चढवून आले.

१ सप्टेंबर

दोन पत्रं लिहिली. एकात जूनचा फोन आहे. दुसऱ्यात नाही, नुसतं 'मी मुदत काढली'. दुसऱ्यात एकही शब्द खोटा नाही. तरी ते पत्र अपुरं, हे मला कळतं. परीक्षक होते मी.
आणि टीप तर कोडमध्ये आहेच. पुसता येते. कोडमधल्या बदलांच्या जुन्या नोंदींतूनही पुसता येते, मला येतं ते. दिलीपला ती कंपनीसाठी नको, शकूला रेणुकाच्या आईसाठी. पुसल्यावर दोन्ही सारखंच.
दोनदा कर्सर नेला. जेवण केलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार. संस्थेच्या कार्यालयातल्या बाकावर

सकाळी स्टेशनवर गेले शकूला घ्यायला. किनवटकडची गाडी चाळीस मिनिटं उशिरा. शकू उमरीहून आधीच येऊन फलाटावर उभी होती. म्हणाली, "रेणुकाची आई या गाडीनं येऊन राहिल्यात. त्यांना नांदेड ठाऊक न्हाई, म्हणून."
बाई तिशीची असेल. कापसाच्या पऱ्हाटीसारखी वाळलेली बोटं, हातात मुलीचं दप्तर. कागद त्यात ठेवलेत. शकूनं तिला चहा पाजला. तिनं अर्धा शकूला दिला.
आता आम्ही तिघी ओळीनं. मधे ती.
मला विचारलं, "तुम्हीच का त्या, मशीनवाल्या बाई?"
हो म्हटलं.
"शकूताई म्हणतात, चाक फिरत होतं. मग पोरीचा निरोप कुठं जाऊन राहिला, बाई?"
शकू भिंतीकडं बघतेय.
म्हटलं, आत सांगते. सगळ्यांसमोर सांगते.
"माझ्यासमोर न्हाई सांगत?"
दोन्ही पत्रं पर्समध्ये. टीप अजून जागेवर आहे.
शिपायानं दार उघडलंय. माझं नाव घेतोय.