मागच्या खोलीतला एमेट स्कॅग्ज

मी, लाईल हॉव्हलंड, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा सायकलदुरुस्ती, मूळचा अमेरिकेतल्या नेब्रास्काचा, दुसरे महायुद्ध संपल्यापासून राहणार विकलफर्ड, सफोक, इंग्लंड, फुप्फुसे सोडून बाकी सर्व ठिकाणावर असताना, कोणी भाग पाडले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्यामागची ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. याआधीचे कागद रद्द समजावेत.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी डोरीन हिला. दुकानातली हत्यारे विकावीत, पण शेजारच्या पर्सी गूचला नाही. त्याने नेलेली शिडी अजून परत आलेली नाही.

२. मागच्या खोलीत एमेट स्कॅग्ज राहतो. आमच्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली काचेचा गोळा होता. त्यात मी मशीनगन धरून, गुडघे छातीशी घेऊन बसत असे. एकदा गोळा अडकला, दार उघडेना, आणि विमानाची चाकेही बाहेर येईनात. तसेच उतरलो असतो तर माझा चेंदामेंदा झाला असता. त्याच विमानातल्या एमेटने कुऱ्हाडीने दार फोडले आणि मला कॉलरला धरून ओढून काढले.

लढाईनंतर तो नाताळला आमच्याकडे आला, तो गेलाच नाही. माझी खुर्ची त्याची. रविवारच्या भाजलेल्या मांसाची कुरकुरीत साल आधी त्याच्या ताटात. डोरीनच्या चहाला तो आजही 'भांडी विसळलेलं पाणी' म्हणतो. ज्याने जीव वाचवला त्याला चालता हो कसे म्हणणार? त्याने त्या उपकाराचा एकदाही उच्चार केला नाही. केला असता तर त्याच दिवशी मी त्याला हाकलला असता. थोडक्यात, मी पुन्हा अडकलो, आणि या वेळी ओढून काढायला कोणी नव्हते.

३. डोरीनच्या मर्जीवाचून या घरात राहण्याचा हक्क कोणालाही नाही, असे कलम, माझ्यामागे तिला एमेटला घालवता यावे म्हणून, मी लिहिले आणि काल स्वयंपाकघरात दोघांना वाचून दाखवले.

"म्हणजे सुटलो एकदाचा!" एमेट म्हणाला.

"सुटलास? तू?"

"मग काय! बहीण तिकडे आर्कान्सात वाट बघून म्हातारी झाली. पण तुझ्या बायकोने पहिल्याच नाताळात गळ घातली. म्हणाली, तू घरात असलास की लाईल दार लावू देतो, नाहीतर कडाक्याच्या थंडीतही सगळी दारं सताड उघडी. आता सांग, जाणार कसा?"

"आणि चहाला नावं ठेवतोस ते?"

"चहा खरंच घाण असतो, बाबा."

डोरीन म्हणाली, "मला वाटायचं तुला माहीत आहे, लाईल."

मला माहीत नव्हते. मला रडू आले, तेही इथे लिहून ठेवतो.

४. सबब कलम तीन रद्द. हत्यारांच्या पैशातून एमेटला आर्कान्सापर्यंतचे तिकीट काढून द्यावे. विमानात बसणार नाही म्हणाला तर बोटीचे. साक्षीदार म्हणून सही करायला तो पेन काढून बसला होता, पण ज्याला काही मिळते त्याला ती करता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. "तिकीट मागितलं कुणी?" असे म्हणून तो बाहेर गेला.

५. माझ्या शवपेटीचे झाकण लावतील तेव्हा एमेटने खोलीत असावे. त्यानंतर तो कुठेही जायला मोकळा आहे.

विकलफर्ड, १२ नोव्हेंबर १९८०
सही: लाईल हॉव्हलंड

आम्हा दोघांदेखत सही झाली:
विनिफ्रेड ऑल्डस, पोस्टातल्या बाई
पर्सी गूच, शेजारी (शिडीबद्दल काही बोलला नाही)