शनिवारची स्लाइड

मी, डॉ. उल्का मल्हारराव शिंत्रे, वय वर्षे एकाहत्तर, मूळची निपाणीची, गेली बेचाळीस वर्षे राहणार मल्लेश्वरम, बेंगळूरु, सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला जोडावा, असा माझे वकील आप्पाजी यांचा आग्रह होता. मी स्वतः डॉक्टर आहे, हे सांगून पाहिले. ते म्हणाले, "अक्का, स्वतःचा दाखला स्वतः देता येत नाही." तेव्हा तो सोबत जोडला आहे. निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, घाईने केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करते. त्यात मी स्वतःबद्दल फार चांगले लिहिले होते.

कलम एक. माझा देह आमच्याच कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागाला द्यावा. मात्र मी जंतुसंसर्गाने गेले तर ते घेणार नाहीत, मग सरळ विद्युतदाहिनीत न्यावे, विधी करू नयेत. आणि मरण्याआधी ताप येऊन मला कुठे भरती केले, तर अँटिबायोटिकचा पहिला थेंब जाण्याआधी दोन्ही हातांतून वेगवेगळे रक्त कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, घ्यावे. हे मी मृत्युपत्रात लिहिते आहे याचे हसू येईल. पण तीस वर्षे ओरडून सांगितले आणि ऐकले कोणी नाही, निदान मेलेल्या बाईचा मान म्हणून तरी ऐका. हे वाचले जाईल तेव्हा उशीर झालेला असणार, म्हणून या कलमाची एक प्रत आजच फ्रिजवर लावली आहे.

कलम दोन. यल्लव्वा माझ्याकडे सव्वीस वर्षे स्वयंपाकाला आहे. बँकेतील माझ्या सर्व ठेवी तिला द्याव्यात. स्वयंपाकघरातील भांडीही तिचीच, प्रेशर कुकरसकट. याच कुकरवर मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना घरी बोलावून, वाफेच्या दाबाने जंतू कसे मरतात ते दाखवत असे आणि त्यातच नंतर भात होत असे. यल्लव्वाने त्या दिवशीचा भात कधीच खाल्ला नाही.

कलम तीन. डॉ. विलास कारेकर, मेडिसिनचे प्रमुख, यांना माझ्या कपाटातील रक्ताच्या कल्चरच्या सहा रिकाम्या बाटल्या द्याव्यात. मुदत संपलेली आहे, त्यांना फरक पडणार नाही. त्यांनी हयातभर आधी औषध दिले, ज्यानंतर बाटलीत काही वाढत नाही, आणि मग आम्हाला विचारले, "मॅडम, काही उगवलं का?" माझी त्यांच्यावर डूख आहे आणि ती मी बरोबर घेऊन जाणार आहे.

कलम चार. माझा दोन नळ्यांचा सूक्ष्मदर्शक, जो मी पहिल्या नोकरीत हौसेने घेतला, तो विभागाला द्यावा. तो कपाटात ठेवायचा नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती द्यायचा, फुटला तर फुटला.

कलम पाच. विभागाच्या पडवीत माझ्या निरोप समारंभाला लावलेला बोर्ड उतरवावा. त्यावर माझे वाक्य माझ्या नावानिशी रंगवले आहे: "पेशंटचं तोंड पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही नाही." वाक्य खरे आहे. मी ते प्रत्येक तुकडीला घोटून घेतले. लॅबमधला डॉक्टर नुसता कल्चरच्या ताटल्यांवरचे डाग मोजायला नसतो. त्याने वॉर्डात जावे, ताप कधीपासून ते विचारावे, औषध कोणते चालू आहे ते पाहावे, आणि मग सांगावे की हा जंतू खरा की हातावरून चुकून आलेला. मुले मला पाठीमागे 'वॉर्डवाली' म्हणत. मला ते आवडत असे. वाक्य हवे तर ठेवा, नाव काढा. कारण पुढील कलमात आहे.

कलम सहा. हे कलम लिहू नका, असे आप्पाजींनी तीनदा सांगितले. मृत्युपत्रात कबुली देऊ नये, वारसांना त्रास होतो, वगैरे. मी लिहिते आहे.

जून २०१४ मधला शनिवार. सोमवारी विभागाची तपासणी होती आणि मी सकाळपासून रजिस्टरे पुरी करत बसले होते. माझी विद्यार्थिनी डॉ. पवित्रा यल्लाप्पा हुंदरे, खानापूरच्या बस कंडक्टरची मुलगी, तेव्हा सीनियर रेसिडेंट होती. तिने एक स्लाइड आणून माझ्यासमोर ठेवली. सात महिन्यांची गरोदर बाई, कावेरी, देवनहळ्ळीहून आलेली, पाच दिवस ताप. रक्ताच्या दोन बाटल्यांपैकी एकीत जंतू वाढले होते. मी नळीतून पाहिले. जांभळ्या, आखूड काड्या, दोन-दोन कोनात पडलेल्या. अशा काड्या कातडीवर सगळ्यांच्याच असतात आणि रक्त काढताना बाटलीत पडतात. आठवड्यातून चार वेळा आम्ही त्या पाहतो आणि भेसळ म्हणून सोडून देतो.

पवित्रा म्हणाली, "अक्का, बाई गरोदर आहे. लिस्टेरिया असला तर? वॉर्डात जाऊन बघून येऊ काय? नाहीतर ओला थेंब तरी बघते, हलतोय का ते कळेल. दहा मिनिटांचं काम."

लिस्टेरिया दिसायला हुबेहूब त्या काड्यांसारखाच असतो, फक्त तो हलतो. गरोदर बाईला तो नुसता ताप देतो आणि बाळाला मारतो. हे मीच तिला शिकवले होते, त्याच टेबलावर.

मी म्हटले, "पवित्रा, तीस वर्षं मी हा कचरा बघते आहे. सोड रिपोर्ट. आणि ते पाणी-तपासणीचं रजिस्टर घेऊन ये."

तिने 'बहुधा त्वचेवरील भेसळ' असा रिपोर्ट स्वतःच्या सहीने सोडला. वॉर्डातले औषध तसेच चालू राहिले, आणि त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. मंगळवारी कावेरीला मुलगा झाला, तो चौदा तास जगला. वारेच्या कल्चरमध्ये लिस्टेरियाच उगवला.

चौकशीला तिघेजण बसले होते. त्यांनी मला विचारले, स्लाइड तुम्ही पाहिली होती का? मी म्हटले, "शनिवारी मी कार्यालयात होते. स्लाइड माझ्याकडे आली नाही." पवित्रा समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि वाट पाहिली. मग ती म्हणाली, "मीच पाहिली, मीच सोडली." तिला वाटले असणार, अक्का उद्या नीट करतील. मलाही त्या दिवशी तसेच वाटत होते. माझी दोन वर्षे उरली होती, विभागप्रमुखपद होते, आणि मी भित्री निघाले. तिच्या फाइलवर शेरा पडला, ठरलेली सहायक प्राध्यापकाची जागा गेली. त्यानंतर तिने मला अक्का म्हटले नाही, मॅडम म्हटले.

ती स्लाइड मी फेकली नाही. माझ्या कपाटातल्या स्लाइडच्या निळ्या पेटीत, पहिल्या खणात आहे. ती विभागाच्या शिकवण्याच्या संचात ठेवावी आणि चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिले आहे तेच राहू द्यावे: लिस्टेरिया, भेसळ म्हणून सोडला, पाहणारी डॉ. उल्का शिंत्रे. पेशंट पाहिला नाही.

कलम सात. मल्लेश्वरम येथील माझे राहते घर, आठव्या क्रॉस रस्त्याच्या मागच्या गल्लीतले, डॉ. पवित्रा हुंदरे यांना द्यावे. माझा पुतण्या शंतनु पुण्याहून नोकरीला इथे आला तेव्हापासून अनेकदा या घराच्या भिंती मापून गेला आहे. त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

(वरील कलम सात खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. कारण कलम आठमध्ये.)

कलम आठ. इथवरचा मजकूर टाइप झाल्यावर त्याची एक प्रत मी पवित्राला पाठवली. ती हल्ली देवनहळ्ळीत औषधाच्या दुकानावरच्या माडीवर स्वतःची लॅब चालवते. मला वाटत होते, वाचून तिला बरे वाटेल. खरे सांगायचे तर मला बरे वाटायला हवे होते.

ती रविवारी आली. चपला काढल्या, बसली, पाणी नको म्हणाली.

"हे तुम्ही मेल्यावर उघडणार?"

मी हो म्हटले.

"म्हणजे माझं नाव सुटायला मी तुमच्या मरणाची वाट बघायची? रोज सकाळी उठून पेपरात बघू काय, मॅडम गेल्या का म्हणून?"

मी म्हटले, घर तुझ्या नावावर केले आहे.

"घर शंतनुला द्या. मला घर देऊन तुम्ही मोकळ्या होणार, आणि मी घर घेऊन गप्प बसले असं लोक म्हणणार." मग ती म्हणाली, "कावेरी माझ्या लॅबला येते, मॅडम. तिची मुलगी आता आठ वर्षांची आहे, तिचं रक्त तपासायला आणते. मीच ती डॉक्टर, हे तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी येते. त्याबद्दल कधी एक शब्द बोलत नाही. तिनं न बोललेलं मीच मनात ऐकते."

ती उठली, चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी कलम सहा शब्दशः पत्रात उतरवले, सही केली आणि कॉलेजच्या अधिष्ठात्यांना स्वतः नेऊन दिले. पोचपावती सोबत जोडली आहे. ते म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांनी कशाला?" मी म्हटले, शेरा काढायला वर्षांची अट आहे का ते तुम्ही बघा. काय निर्णय होईल ते मला माहीत नाही. मेडिकल कौन्सिलने माझी नोंदणी काढली तर तेही रास्त आहे.

त्यानंतर पवित्रा मला कावेरीच्या घरी घेऊन गेली. नव्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या, कडेला दोन खोल्या, दारात शेवग्याचे झाड. मी कन्नडमध्ये सगळे सांगितले, स्लाइड मी पाहिली, पवित्राने विचारले होते, मी तिला नाही म्हटले, आणि नंतर खोटे बोलले. कावेरी उभीच होती. तिने एकच विचारले, "तेव्हा औषध बदललं असतं तर वाचला असता?"

आम्ही मुलांना शिकवतो की जेवढे दिसले तेवढेच लिहावे, 'कदाचित' लिहायला लाजू नये. वैद्यकीय दृष्ट्या 'कदाचित' हेच उत्तर बरोबर होते. मला ते तिच्यासमोर उच्चारता आले नाही. मी म्हटले, "बहुतेक वाचला असता."

ती पवित्राकडे वळली आणि म्हणाली, "मग तू इतकी वर्षं माझ्यासमोर मान खाली घालून का बसत होतीस?" पवित्रा तिथेच उंबऱ्यावर बसून रडू लागली. कावेरी तिच्याजवळ बसली. मी उभी होते. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सरी, बरं. तुम्ही जावा आता."

मी गेले. पवित्रा तिथेच राहिली. बस मिळेपर्यंत तासभर देवनहळ्ळीच्या स्टँडवर बसले होते.

कलम नऊ. तेव्हा घर शंतनुला द्यावे, आणि मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. साक्षीदार म्हणून सही करशील का, असे मी पवित्राला फोन करून विचारले. जिला काही मिळणार नाही तिनेच साक्षीदार व्हावे, असे आप्पाजींचे मत होते. ती म्हणाली, "मिळायचं काही नाही ना? मग येते." आज आली आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून, कलम सहामध्ये तिने पेनने एक दुरुस्ती सुचवली: जंतू एका बाटलीत नव्हे, दोन्ही बाटल्यांत वाढले होते. दोन्हींत वाढलेला जंतू कोणीही भेसळ म्हणत नाही. मी ते विसरले होते, की विसरायचे ठरवले होते, ते मला सांगता येत नाही. दुरुस्ती बरोबर आहे. 'दोन बाटल्यांपैकी एकीत' हे शब्द खोडून 'दोन्ही बाटल्यांत' असे वाचावे.

वरील मजकूर मी वाचला, समजला व मला मान्य आहे.

उल्का मल्हारराव शिंत्रे

आमच्या समक्ष मृत्युपत्रकर्तीने सही केली आणि तिच्या समक्ष आम्ही सह्या केल्या:

१. नागराज मल्लाप्पा, शेजारी, मल्लेश्वरम
२. डॉ. पवित्रा यल्लाप्पा हुंदरे, देवनहळ्ळी

स्थळ: मल्लेश्वरम, बेंगळूरु
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५